शब्द चार

हिल्को, आधी तो ओला कोट काढ. खुर्ची ओढ.
चहा ओतते. तळाशी खडीसाखर, वरून साय,
चमचा लावायचा नाही. ओस्टफ्रीसलांडच्या माणसाला
हे सांगावं लागू नये.

पहाटेचे पावणेचार. वायव्येचा वारा
बांधाच्या पाठीत बुक्के घालतोय.
दार आता बंद आहे. फ्यूज काढला आणि हाताने उतरवलं,
एकशे चाळीस फेरे. मोजले.
आत आलेलं खारं पाणी टामोच्या कुरणात उभं आहे
आणि त्याच्या गाई चरात तोंड घालतात, परत काढतात.

आता या पडद्याकडे बघ.

या यंत्राला जग दोन अक्षरांत कळतं.
आइनगांगचा ए, आउसगांगचा आ.
आत येतं ते सगळं ए, हाक मारल्यासारखं:
ए, पाणी चढलं. ए, कुणीतरी बटण दाबलं.
बाहेर जातं ते सगळं आ.
आपल्या दाराचा पत्ता, आ पाच टिंब शून्य.
पाचवं घर, पहिला खण.
तिथं एक ठेवला की मोटर फिरते
आणि चार टन पोलाद आ वासतं.

खणात मावतं ते एवढंच. हो किंवा नाही.
'बहुधा' ठेवायला तिथं जागा नाही,
मी चौतीस वर्षं शोधली.

आठ खणांचं घर म्हणजे बाइट.
शेजारची दोन घरं मिळून शब्द.
दोन शब्द मिळून दुहेरी शब्द, त्यात अपूर्णांकही नांदतो,
पंपाचा वेग, सदतीस पूर्णांक काहीतरी.
यातलं तुला काहीच नको होतं.

तुला हवे होते आठ दिवे.
पाणी चढेल तसा एकेक वर पेटणारा,
पुलावरून सायकलवर जाणाऱ्यालाही दिसावा असा.
छान होतं ते. मीच सही केली.
आठ दिवे, आठ खण, चौथं घर.
रिकामं होतं, कशासाठी तरी राखलेलं.
आणि तू लिहिलंस: शब्द चार.

शब्द चार चौथ्या घरात मावत नाही, पोरा.
तो चौथ्यात डोकं टेकतो
आणि पाचव्यात पाय पसरतो.
इथं मोठं आधी. जड अर्धा चौथ्यात, हलका पाचव्यात.
तुझा आकडा लहान: एक, मग तीन, मग सात.
चौथ्यात नुसती शून्यं. म्हणून दिवे काळे राहिले
आणि तू संध्याकाळभर दिवे बदलत बसलास.
खरा आकडा खाली उतरला होता,
साखर शेवटच्या घोटाला लागते तसा.

मग पाणी पहिल्या खुणेला लागलं.
एक.
पाचवं घर, पहिला खण.
बाहेर भरती.

वर माझी ओळ होती, अकरा वर्षांपूर्वीची:
भरतीत दार उघडायचं नाही.
यंत्राने ती वाचली. मान्यही केली.
पण ते वरून खाली वाचत येतं,
आणि फेरी संपली की मगच तारांना निरोप देतं.
तुझी ओळ सगळ्यांत खाली होती.
सेकंदाला पन्नासदा मी नाही म्हणाले,
पन्नासदा तू हो,
आणि दारापर्यंत फक्त तुझं पोचलं.

बस इथं. 'वे' खोड, 'बे' लिही.
शब्द नको, बाइट. हो, एवढंच.
पाठव.

बघ. पहिला पेटला. दुसरा.
पिवळे निवडलेस होय.

उजाडलं की टामोकडे जाऊ, दोघंही.
तू सांग, पत्ता बरोबर होता, सामान मोठं होतं.
मी सांगेन, कागदाखाली ओक्का रेमर्स लिहिलंय
आणि तिने तो वाचला नव्हता.
तो चार शब्द सुनावेल. ऐकून घ्यायचे.

पी, निवतोय.
आणि तो चमचा खाली ठेव.